लाकडी चॉपिंग बोर्ड

लाकडी चॉपिंग बोर्ड म्हणजे भाज्या, फळे, पाव, मांस, मासे इत्यादी पदार्थ सुरीने चिरताना खाली आधार म्हणून ठेवावयाची लाकडी फळी किंवा ठोकळा होय. यास कटिंग बोर्ड, भाजी चिरण्याची फळी किंवा नुसते बोर्ड असेही म्हणतात. पदार्थाला स्थिर आधार देणे, सुरीची धार राखणे आणि ओट्याचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवणे ही त्याची तीन मुख्य कामे आहेत.

चांगल्या बोर्डाची पारख लाकडाची जात, तंतूंची दिशा, जोडकाम, जाडी आणि पृष्ठभागावरील लेप या पाच गोष्टींवरून केली जाते. योग्य निगा राखल्यास असा बोर्ड अनेक वर्षे टिकतो. निगा न राखल्यास तो वाकतो, तडकतो, बुरसतो आणि कच्च्या मांसातील रोगजंतू कोशिंबिरीपर्यंत पोहोचविण्याचे साधन ठरू शकतो. त्यामुळे बोर्डाची निवड व वापर हा विषय सुतारकामाइतकाच अन्नसुरक्षेचाही आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील पारंपरिक स्वयंपाकघरात चिरण्याचे मुख्य साधन विळी हे होते. काही भागांत तिला पावशी म्हणतात, तर गोव्यात आदोळी हा शब्द रूढ आहे. बंगालमधील बोटी, कर्नाटकातील ईळिगे मणे आणि तमिळनाडूतील अरिवाळमणै ही याच कुळातील साधने आहेत. विळीचे पाते पाटावर उभे व स्थिर असते आणि चिरणारी व्यक्ती भाजी पात्यावर पुढे सरकविते. भाजी हवेतच कापली जाते व तुकडे खालच्या ताटात पडतात. त्यामुळे पात्याखाली वेगळ्या पृष्ठभागाची गरज भासत नाही.

सुरीच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. पदार्थ स्थिर असतो व पाते खाली येते. पदार्थ कापून झाल्यावर पाते ज्या वस्तूवर आपटते ती वस्तू म्हणजे बोर्ड. जमिनीवर बसून करावयाचा स्वयंपाक उभ्याच्या ओट्यावर आला, तसा विळीचा वापर कमी होऊन सुरी व बोर्ड ही जोडी घरोघर रूढ झाली. मांसविक्रीच्या दुकानांत मात्र लाकडी ओंडका पूर्वीपासून वापरात आहे. चिंचेचे लाकूड चिवट असून घावाखाली सहज फुटत नाही, म्हणून अशा ओंडक्यासाठी त्यास पसंती दिली जाते.

इतर देशांतही स्थानिक लाकडानुसार निरनिराळ्या परंपरा निर्माण झाल्या. चीनमध्ये झाडाच्या खोडाची आडवी कापलेली गोल चकती वापरतात. जपानमधील फळीस मानाइता म्हणतात. ती हिनोकी, गिंको, विलो अशा तुलनेने मऊ लाकडांची असते व तेथील कडक, पातळ धारेच्या सुऱ्यांना ती मानवते. फ्रान्समधील खाटकांचे ठोकळे परंपरेने हॉर्नबीम वृक्षाच्या लाकडाचे, तर उत्तर अमेरिकेतील ठोकळे कठीण मेपलचे असतात.

सुरीची धार आणि पृष्ठभाग

सुरीची धार ही पोलादाची अत्यंत पातळ कडा असते. प्रत्येक घावाच्या शेवटी ही कडा खालच्या पृष्ठभागावर टेकते. पृष्ठभाग पोलादाइतका किंवा त्याहून कठीण असेल, तर कडा वळते अथवा तिचे सूक्ष्म टवके उडतात. काच, स्टील आणि ग्रॅनाइट हे पृष्ठभाग या कारणाने अयोग्य ठरतात. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असते व मोस मापश्रेणीवर क्वार्ट्झचा कठीणपणा ७ आहे. स्वयंपाकघरातील सुरीचे पोलाद साधारणतः त्याहून मऊ असते. ओट्याच्या ग्रॅनाइटवर थेट चिरल्यास सुरी लवकर बोथट होते, ती यामुळे.

बोथट सुरी कमी धोक्याची असते ही समजूत चुकीची आहे. धार गेलेल्या सुरीवर अधिक जोर द्यावा लागतो, ती टोमॅटोच्या किंवा कांद्याच्या सालीवरून घसरते आणि हाताला इजा करते. बोर्डाचा पृष्ठभाग धारेला किंचित आत शिरू देईल इतका मऊ, परंतु खोल चरे पडणार नाहीत इतका कठीण असावा, हा निवडीचा मूलभूत निकष होय.

लाकडाचे महत्त्वाचे गुणधर्म

कठीणपणा: लाकडाचा कठीणपणा मोजण्यासाठी यांका चाचणी वापरतात. ऑस्ट्रियात जन्मलेले संशोधक गॅब्रिएल यांका यांनी १९०६ मध्ये ती मांडली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात तिच्या निम्म्या व्यासापर्यंत रुतविण्यास लागणारे बल या चाचणीत मोजतात. कठीण मेपलचे मूल्य सुमारे १४५० पौंड-बल, सागाचे सुमारे १०७०, काळ्या अक्रोडाचे सुमारे १०१० आणि अमेरिकी चेरीचे सुमारे ९५० आहे. घरगुती बोर्डासाठी साधारण ९०० ते १५०० या पट्ट्यातील लाकडे सोयीची ठरतात. याहून फार मऊ लाकडावर चरे लवकर पडतात, तर फार कठीण लाकूड धारेस त्रासदायक होते.

छिद्रांची घडण: पानझडी व रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असतात. त्यांची तोंडे पृष्ठभागावर छिद्रांच्या रूपाने दिसतात. मेपल, बीच यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात. तांबड्या ओकमध्ये ती मोठी व मोकळी असल्याने अन्नकण व ओलावा आत जातो. म्हणून ते लाकूड टाळावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेत व्यावसायिक स्वयंपाकघरातील बोर्डासाठी कठीण मेपल किंवा तितक्याच घट्ट कणांचे लाकूड मान्य केले आहे.

आकुंचन व प्रसरण: लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे पाणी शोषते व सोडते. त्यामुळे ते रुंदीत फुगते व आकसते. लांबीत मात्र हा बदल नगण्य असतो. वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेने होणारे आकुंचन त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत सागात ते अनुक्रमे सुमारे ५.८ व २.५ टक्के, तर कठीण मेपलमध्ये सुमारे ९.९ व ४.८ टक्के आढळते. दोन दिशांतील हा फरक हेच फळी वाकण्याचे मूळ कारण आहे.

अंगभूत रसायने: काही लाकडांत टॅनिन असते. ओल्या लाकडावर लोखंडी सुरी पडून राहिल्यास टॅनिन व लोह यांच्या संयोगाने काळा डाग पडतो. हा डाग बुरशीचा नसतो, परंतु तो सहजी जातही नाही.

लाकडांचे प्रकार

साग: भारतात सहज मिळणारे व बोर्डासाठी उपयुक्त लाकूड. नैसर्गिक तेलकटपणामुळे ते पाण्यास चांगला प्रतिकार करते व कमी आकसते. त्यात सिलिका असते, त्यामुळे मेपलच्या तुलनेत सुरीस धार वारंवार लावावी लागते. दमट हवेच्या किनारपट्टीत सागाचा स्थिरपणा हा त्याचा मोठा गुण ठरतो.

शिसव व शिसम: ही दोन्ही लाकडे जड, घट्ट व सुबक दिसणारी आहेत. गडद रंगामुळे हळद किंवा बीटाचे डाग उठून दिसत नाहीत. ही लाकडे ज्या डालबर्जिया प्रजातीगटात मोडतात, तो जवळजवळ संपूर्ण गट २०१७ पासून वन्यजीव व्यापारविषयक सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशात माल पाठविणाऱ्या व्यावसायिकांना त्याचे नियम लागू होतात.

आंबा: फळे देणे थांबलेल्या झाडांपासून हे लाकूड मिळत असल्याने ते स्वस्त असते. नीट सुकविलेले नसल्यास ते वाकते व त्यास कीड लागते. म्हणून भट्टीत सुकविलेल्या आंब्याचाच बोर्ड घ्यावा.

चिंच: तोडकाम, हाडे फोडणे अशा जड कामाच्या ओंडक्यासाठी योग्य. पातळ फळीपेक्षा जाड ठोकळ्याच्या रूपात ते अधिक उपयुक्त असते.

बाभूळ व अकेशिया: देशी बाभूळ अतिशय कठीण असून परंपरेने बैलगाडीची चाके व शेतीची अवजारे यांसाठी वापरली जाते. बाजारात अकेशिया या नावाने विकले जाणारे बोर्ड बहुधा लागवडीखालील अन्य अकेशिया जातींचे असतात. त्यास देशी बाभूळ समजू नये.

रबरवुड: चीक देणे थांबलेल्या रबराच्या झाडांचे फिकट रंगाचे लाकूड. ते मुळात किडीस बळी पडणारे असल्याने त्यावर सामान्यतः बोरॉनयुक्त द्रावणाची प्रक्रिया केली जाते. असा बोर्ड घेताना तो अन्नाच्या संपर्कासाठीच बनविला आहे ना, याची खात्री करावी.

बांबू: वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे, लाकूड नव्हे. बांबूचा बोर्ड अनेक बारीक पट्ट्या चिकटवून केलेला असतो. तो हलका व स्वस्त असतो. परंतु कठीणपणा व सिलिका यांमुळे धारेस मारक ठरतो आणि त्याचा दर्जा मुख्यतः गोंदावर अवलंबून असतो.

टाळावयाची लाकडे: बिब्ब्याचा रस त्वचेस भाजल्यासारखी इजा करतो, काजरा व कण्हेर या वनस्पती विषारी आहेत. त्यांचे लाकूड अन्नाच्या संपर्कात आणू नये. चीड व तत्सम राळयुक्त लाकडे मऊ असून त्यांचा वास अन्नास लागतो. जुन्या रेल्वे स्लीपरना क्रिओसोटसारखी संरक्षक द्रव्ये दिलेली असू शकतात, तर पाडलेल्या घरांच्या लाकडावर जुने रंग असतात; ती वापरू नयेत. माल वाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार छाप असतो. त्यातील 'एचटी' म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, तर 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी होय. छाप 'एचटी' असला तरी त्या पॅलेटवर पूर्वी काय सांडले होते हे कळत नसल्याने पॅलेटचे लाकूड बोर्डासाठी घेऊ नये. प्लायवूड व एमडीएफ यांचे थर पाण्याने सुटतात, शिवाय त्यांतील चिकटद्रव्ये अन्नासाठी नसतात.

तंतूंची दिशा व रचना

एकसंध फळी: एकाच लाकडाची रुंद फळी दिसण्यास सुंदर असते, परंतु रुंदीतील आकुंचनामुळे ती वाकण्याची शक्यता सर्वाधिक असते.

आडव्या तंतूंचा बोर्ड: अरुंद पट्ट्या कडेवर उभ्या करून एकमेकींस चिकटविल्या जातात. तंतू पृष्ठभागाला समांतर राहतात. हा प्रकार मजबूत, तुलनेने हलका व माफक किमतीचा असून रोजच्या घरगुती वापरास सर्वांत सोयीचा आहे.

उभ्या तंतूंचा बोर्ड: लाकडाचे छोटे ठोकळे असे जोडतात की तंतूंची टोके वर येतात व पृष्ठभाग बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. सुरीची धार तंतू कापण्याऐवजी त्यांच्या मधे शिरते व सुरी उचलल्यावर तंतू पुन्हा जवळ येतात. त्यामुळे धार अधिक काळ टिकते व चरे कमी दिसतात. मात्र तंतूंची टोके पाणी वेगाने शोषतात. अशा बोर्डास अधिक जाडी व अधिक वेळा तेल लागते आणि त्याची किंमतही जास्त असते.

जोडकामातील गोंद जलरोधक असणे अत्यावश्यक आहे. युरोपीय मानकांत लाकडाच्या गोंदाचे डी१ ते डी४ असे वर्ग असून बोर्डासाठी डी३ किंवा डी४ वर्गाचा गोंद योग्य समजला जातो. फर्निचरसाठीचा साधा पांढरा गोंद वारंवार धुण्याने सुटतो.

आकार, जाडी व वजन

बोर्डाची लांबी सुरीच्या पात्यापेक्षा बरीच जास्त असावी. २० सेंटिमीटर पात्याच्या सुरीसाठी ४५ × ३० सेंटिमीटरचा बोर्ड सोयीचा होतो. चिरलेली भाजी बाजूला सारण्यास त्यावर जागा उरते. आडव्या तंतूंच्या बोर्डाची जाडी २ ते ४ सेंटिमीटर, तर उभ्या तंतूंच्या बोर्डाची किमान ४ सेंटिमीटर असावी. पातळ बोर्ड लवकर वाकतो.

वजनाचा विचार खरेदीपूर्वीच करावा. ४५ × ३० × ४ सेंटिमीटर बोर्डाचे घनफळ ५४०० घन सेंटिमीटर होते. लाकडाची घनता प्रति घन सेंटिमीटर ०.६५ ग्रॅम धरल्यास त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो भरते. वजनदार बोर्ड चिरताना हलत नाही. पण तो रोज उचलून धुणे वृद्धांना व मनगटाचे दुखणे असलेल्यांना अवघड जाते. जो बोर्ड जड म्हणून धुतला जात नाही, तो कितीही उत्तम असला तरी अयोग्य होय. अशा घरात २ सेंटिमीटर जाडीचा लहान बोर्ड बरा.

कडेने कोरलेली पन्हळ रसाळ फळे व मांस यांचा रस अडवते. ती एका बाजूस असून दुसरी बाजू सपाट असल्यास दोन्हींचा उपयोग होतो. खाली रबरी पाय असलेला बोर्ड घसरत नाही व त्याखाली हवा खेळते, परंतु तो उलटून वापरता येत नाही.

खरेदी करताना करावयाची तपासणी

१. बोर्ड सपाट ओट्यावर ठेवून चारही कोपरे आळीपाळीने दाबावेत. तो डुगडुगत असल्यास वाकलेला आहे.

२. कडेकडून पाहून तंतू आरपार गेले आहेत का, हे तपासावे. पृष्ठभागावर लाकडाची नक्षी दिसते, पण कडेला थर दिसतात, असे असल्यास आत प्लायवूड किंवा एमडीएफ असण्याचा संभव असतो.

३. सांध्यांवरून नख फिरवावे. नख अडकल्यास जोड उघडा आहे व तेथे घाण साचेल.

४. गाठी, भेगा, किडीची छिद्रे व पुट्टीने बुजविलेल्या जागा पाहाव्यात.

५. वास घ्यावा. रंग, वार्निश किंवा घासलेटासारखा वास येत असल्यास बोर्ड घेऊ नये.

६. चिरण्याच्या पृष्ठभागावर चकचकीत लॅकर किंवा पॉलिश नसावे. सुरीच्या घावांनी त्याचे पापुद्रे निघून अन्नात मिसळतात.

७. लाकडाचे नाव स्पष्ट सांगितलेले असावे. 'उत्तम प्रतीचे लाकूड' एवढ्या वर्णनावरून काहीही बोध होत नाही.

तेल व मेण

तेलाचा हेतू लाकडातील सूक्ष्म पोकळ्या भरून पाण्याचे शोषण मंदावणे हा असतो. यासाठी अन्नप्रतीचे खनिज तेल सर्वाधिक वापरतात. ते खवट होत नाही व त्यास वास नसतो. भारतात औषधांच्या दुकानांत मिळणारे लिक्विड पॅराफीन हे याच प्रकारचे तेल आहे. मात्र त्यात स्वाद किंवा अन्य औषध मिसळलेले नसावे.

शेंगदाणा, सूर्यफूल, करडई इत्यादी खाद्यतेले बोर्डास लावू नयेत. हवेतील ऑक्सिजनमुळे ती चिकट व खवट होतात. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असल्याने ते तुलनेने उशिरा खवट होते. तथापि साधारण २४ अंश सेल्सिअसखाली ते गोठते आणि थंडीत आत मुरत नाही. जवस व टुंग ही तेले सुकून कठीण थर तयार करतात व ती शुद्ध स्वरूपात चालतात. हार्डवेअरच्या दुकानातील 'उकळलेले' जवसाचे तेल मात्र वापरू नये, कारण ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असतात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

नव्या बोर्डास पहिल्या आठवड्यात तीन ते चार हात तेल द्यावे. तेल सर्व बाजूंस व कडांना लावून रात्रभर मुरू द्यावे आणि उरलेले पुसून घ्यावे. एकाच बाजूस तेल लावल्यास दोन्ही बाजू असमान ओलावा शोषतात व बोर्ड वाकतो. पुढे महिन्यातून एकदा तेल पुरते. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकल्यास तो गोल राहिला तर तेल पुरेसे आहे. पसरून लाकूड गडद झाले तर पुन्हा तेल द्यावे. चार भाग खनिज तेलात एक भाग मधमाशांचे मेण मंद आचेवर, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळविल्यास उत्तम लेप तयार होतो.

वापर

बोर्डाखाली ओले करून पिळलेले फडके पसरावे. त्यामुळे तो सरकत नाही. चिरण्यापूर्वी पृष्ठभाग पाण्याने ओला करून पुसून घेण्याची जपानी पद्धत उपयुक्त आहे, कारण लाकडात आधीच पाणी असल्याने भाजीचा रस व वास खोल शिरत नाही. चिरलेले पदार्थ धारेने ओढू नयेत. सुरी उलटी करून तिच्या पाठीने सारावेत. नारळ फोडणे, हाडे तोडणे ही कामे पातळ बोर्डावर करू नयेत. गरम कढई किंवा कुकर ठेवल्यास लाकूड एका जागी अतिशय सुकून तडकते.

कच्चे मांस, मासे व कोंबडी यांसाठी एक आणि भाजी, फळे व पाव यांसाठी दुसरा असे किमान दोन बोर्ड असावेत. त्यांवर कायमची खूण करावी. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. कोंबडी शिजविल्यावर ते मरतात. परंतु त्याच बोर्डावर चिरलेली काकडी शिजविली जात नाही. अशा संसर्गाचा सर्वाधिक धोका लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी व्यक्ती यांना असतो. एकच बोर्ड असल्यास कच्ची खावयाची भाजी आधी व मांस शेवटी चिरावे.

स्वच्छता

वापरानंतर लगेच बोर्ड गरम पाणी, साबण व घासणी यांनी दोन्ही बाजूंनी धुवावा, कोरड्या फडक्याने पुसावा आणि हवा लागेल असा कडेवर उभा ठेवावा. सपाट ठेवल्यास खालची बाजू ओली राहते. बोर्ड पाण्यात भिजत ठेवू नये व डिशवॉशरमध्ये घालू नये; उष्णता व पाणी यांमुळे सांधे सुटतात. कडक उन्हातही तो फार वेळ ठेवू नये.

मांस चिरल्यानंतर धुतलेला बोर्ड निर्जंतुक करता येतो. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शिफारशीनुसार एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाण्यात एक मोठा चमचा सुवासरहित क्लोरीन ब्लीच मिसळावे, ते द्रावण बोर्डावर काही मिनिटे राहू द्यावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावे. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लयुक्त स्वच्छता द्रव कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

कांदा, लसूण व मासे यांचा वास घालविण्यासाठी जाडे मीठ पसरून अर्ध्या लिंबाने चोळावे व धुवावे. हा उपाय वासासाठी आहे. त्यास निर्जंतुकीकरण समजू नये. ओल्या हळदीचा पिवळा डाग घासून पूर्ण जात नाही, पण हळदीतील कर्क्युमिन प्रकाशात विघटित होत असल्याने तो काही दिवसांत आपोआप फिका पडतो.

हवामानाचा परिणाम

हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असता लाकडातील ओलावा कालांतराने सुमारे १६ टक्क्यांवर, तर ३० टक्के आर्द्रतेत सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. ओलावा १० वरून १६ टक्क्यांवर गेल्यास सागाची ३० सेंटिमीटर रुंद एकसंध फळी साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर, तर मेपलची सहा मिलिमीटरहून अधिक फुगू शकते. कोकणात पावसाळ्यात बोर्ड वाकण्याचे व विदर्भात उन्हाळ्यात तडकण्याचे कारण हेच होय. पावसाळ्यापूर्वी व हिवाळ्याच्या आरंभी बोर्डास सर्व बाजूंनी तेल द्यावे. पावसाळ्यात तो बंद कपाटात न ठेवता मोकळ्या हवेत उभा ठेवावा. थंड देशांत हिवाळ्यात घरे तापवितात, तेव्हा आतील हवा अतिशय कोरडी होते. भारतातून नेलेला बोर्ड तेथे पहिल्याच हिवाळ्यात तडकू शकतो, म्हणून सुरुवातीस त्यास अधिक वेळा तेल द्यावे लागते.

आरोग्यविषयक संशोधन

लाकडापेक्षा प्लास्टिक अधिक स्वच्छ असते, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातील डीन क्लिव्हर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तिला आव्हान दिले. लाकडावर टाकलेले जंतू ओलाव्यासह आत शोषले जातात व थोड्याच वेळात पृष्ठभागावरून पुन्हा मिळविता येत नाहीत, असे त्यांना आढळले. नवे प्लास्टिक सहज स्वच्छ होते, परंतु सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक हाताने धुऊन नीट स्वच्छ होत नाही, हेही दिसून आले. याचा अर्थ लाकूड धुण्याची गरज नाही असा नव्हे. बोर्ड कशाचा आहे यापेक्षा तो किती धुतला व वाळविला जातो आणि मांस व भाजी वेगळी ठेवली जाते का, या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात.

प्लास्टिकच्या बोर्डावर चिरताना सूक्ष्म प्लास्टिक कण सुटतात, असे २०२३ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. लाकडी बोर्डातूनही सूक्ष्म कण सुटतात, मात्र ते लाकडाचे असतात.

भारतात २०११ च्या अन्नसुरक्षा व मानके विषयक परवाना नियमावलीनुसार मांसविक्रीच्या दुकानातील ठोकळा अन्नप्रतीच्या कृत्रिम पदार्थाचा असावा. लाकडी असल्यास तो कठीण लाकडाच्या खोडाचा, भरीव व तोडताना न झिजणारा असावा.

दुरुस्ती व बदल

उथळ चरे व डाग ८० क्रमांकाच्या पॉलिश कागदाने घासून, नंतर १२० व २२० क्रमांकाचा कागद फिरवून काढता येतात. त्यानंतर बोर्ड पुसून पुन्हा तीन-चार हात तेल द्यावे. किंचित वाकलेला बोर्ड फुगीर बाजू वर करून ओलसर फडक्यावर काही तास ठेवल्यास खालची बाजू ओलावा घेऊन फुगते व बोर्ड सरळ होण्यास मदत होते. खोल चऱ्यांसाठी सुताराकडून दोन्ही बाजूंनी सारखाच रंधा मारून घ्यावा.

सांधा उघडल्यास, आरपार भेग गेल्यास, बुरशीचे काळे ठिपके घासूनही न गेल्यास किंवा धुऊनही आंबूस वास टिकल्यास तो बोर्ड चिरण्यासाठी वापरणे थांबवावे.

प्रचलित गैरसमज

कडुलिंबाचा बोर्ड जंतूंना आपोआप मारतो, असे सांगून तो विकला जातो. कडुलिंबाच्या पानांच्या व बियांच्या अर्कात जंतुरोधक गुण असले, तरी त्यामुळे त्याच्या लाकडाचा बोर्ड धुण्याची आवश्यकता संपत नाही. जितके लाकूड कठीण तितका बोर्ड चांगला, हाही गैरसमज आहे. कारण अतिकठीण लाकडाची किंमत सुरीची धार मोजते. महागडा बोर्ड आयुष्यभर टिकतो, हे विधान अपुरे आहे. नियमित धुतलेला, वाळविलेला व तेल दिलेला साधा सागाचा बोर्ड दुर्लक्षित महागड्या बोर्डापेक्षा अधिक काळ व अधिक सुरक्षितपणे सेवा देतो.